गंगाखेडचं तांबं

परभणीच्या बसस्थानकात गंगाखेडची एसटी लागली तेव्हा माझ्याकडे दोन नग होते. एक कपड्यांची पिशवी आणि दुसरा थर्मोकोलचा खोका. पिशवी मी वरच्या फळीवर टाकली आणि खोका मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर तिकीट देता देता थांबला.

"म्याडम, ह्याच्यात काय हाय?"

"बाटल्या आहेत."

"कशाच्या?"

"रिकाम्या."

त्याने एकदा खोक्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "रिकाम्या बाटल्याला येवडं जपायलाव?" म्हणाला आणि पुढच्या सीटकडे वळला. शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं, पण खोका काही मी खाली ठेवला नाही.

त्या बाटल्या आठवडाभर आम्लात भिजवून, शुद्ध पाण्याने खळबळून, एकेक करून दुहेरी पिशव्यांत बांधलेल्या होत्या. मी वेंगुर्ल्याची. गेली पंचवीस-तीस वर्षं समुद्राच्या पाण्यातलं लोखंड, तांबं, जस्त मोजण्याचं काम करते. हे धातू समुद्रात असतात तरी किती, तर तुडुंब विहिरीत चिमूटभर टाकावेत तेवढे, आणि तेही बऱ्याचदा जास्तच म्हणायचे. पण त्या चिमटीवर पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव जगतात, त्यांच्यावर मासळी जगते आणि मासळीवर आपण. नदी आणि वारा हे धातू समुद्रात आणून टाकतात, जीव ते खातात, मरून तळाशी जातात, तळातून थोडं पुन्हा वर येतं. हा फेरा मोजायचा तर हाताचा घामसुद्धा चालत नाही. माझ्या प्रयोगशाळेत अंगठी किंवा बांगडी घालून आलेल्याला मी दारातूनच परत पाठवते. माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू झाली. तांबड्या मातीत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना ती पहिले काही मैल ओलीच वाटत राहिली. ज्वारी पोटरीत आलेली, हरभरा घाटे धरून बसलेला, मधूनच उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आडवे येत आणि आमची बस त्यांच्यामागे मुकाट चालत राही. समुद्राचा कुठे मागमूस नाही. समुद्रावरची सभा परभणी जिल्ह्यात कशाला, असं मला घरच्यांनीही विचारलं होतं. त्याचं उत्तर गोदावरी. ती उगम पावते आमच्या समुद्रापासून फार लांब नाही, पण त्याच्याकडे पाठ फिरवते आणि अख्खं दख्खन ओलांडून पूर्वेच्या समुद्राला जाते. जाताना ही काळी माती आणि मातीतले धातू घेऊन जाते. ते किती, हे मोजणारे आम्ही अकरा जण होतो, आणि गेली काही वर्षं आमच्यात सगळ्यात जास्त चर्चा होती ती गंगाखेडच्या तांब्याची.

गंगाखेडच्या स्थानकावर गिराम सर घ्यायला आले होते. इथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. गळ्यात मफलर, उजव्या गुडघ्याला पट्टा. सहा वर्षं आमची पत्रं आणि फोन चालू होते, पण भेट पहिलीच. त्यांनी खोका माझ्या हातून घ्यायला हात पुढे केला, मग काहीतरी आठवल्यासारखा मागे घेतला. "नको. तुमचं तुम्हीच धरा," म्हणाले. हा माणूस मला तिथेच आवडला.

सरांचं काम साधं होतं आणि म्हणूनच अवघड. दर महिन्याला एकदा गावापासून काही मैलांवर, नदीच्या एका ठरलेल्या जागी पाणी घ्यायचं आणि मला पाठवायचं. मोजत होते मी. समुद्रावर काम करणाऱ्यांना नदीच्या मधल्या टप्प्याचं असं सलग पाणी मिळत नाही. ह्या पाण्यात तांबं भरपूर येत होतं, महिन्यामागून महिने, एकसारखं. त्यावरून मी एक शोधनिबंध लिहिला होता की पूर्वेच्या समुद्रातल्या तांब्याचा मोठा वाटा दख्खनच्या काळ्या मातीतून येतो. तो स्वीकारला गेला होता, छापायचा राहिला होता. सरांचं नाव माझ्या नावाच्या शेजारी होतं. आता ह्या सभेत सगळ्या नदीचा एक सामाईक तक्ता ठरणार होता आणि त्यात गंगाखेडचे आकडे बसवायचे होते. एकदा तक्त्यात आकडा गेला की जगभरचे लोक तोच धरून पुढची गणितं करतात.

सभा एका मंगल कार्यालयात होती. मागच्या लग्नातली थर्मोकोलची अक्षरं भिंतीवर तशीच होती, त्यामुळे पहिल्या दिवशी समुद्रतळावर बोलणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर एका नवदांपत्याचं नाव झळकत होतं. जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसर आमटी (भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेल्या पुडीची आमटी). पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. वाढणारे काका म्हणाले, "लय तिखट न्हाई केली, तुमी पाव्हणे म्हून." मी तीन वाट्या प्यायले.

दुपारी डॉ. राव उभे राहिले. हे आंध्रातले, नदीच्या मुखाशी काम करणारे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरुण. त्यांचा प्रश्न सरळ होता. गंगाखेडला तांबं इतकं असेल तर ते खाली आमच्यापर्यंत का पोचत नाही? वाटेत जातं कुठे? मी सांगितलं की बंधाऱ्यांमागे गाळाला चिकटून बसतं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "नमुना घेताना तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का?"

मला राग आला. खरं सांगायचं तर जवळजवळ भांडलेच मी. म्हटलं, गिराम सरांइतका काटेकोर माणूस तुमच्या किनाऱ्यावर दाखवा. खेड्यातून आलेल्या आकड्यावरच तुम्हाला शंका का येते, असंही म्हटलं. राव खाली बसले. सर मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिले. चहाच्या वेळी ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "उद्या अमावास्या आहे. पाणी घ्यायचा दिवस. तुम्हीच या ना बघायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच जीपने निघालो. वाटेत मला कळलं की पहिल्या वर्षानंतर सर स्वतः नदीत उतरत नाहीत. गुडघ्यामुळे दरड उतरता येत नाही. गेली पाच वर्षं काठावरच्या वस्तीतली सोजरबाई पाणी घेते आणि सर वर बाभळीखाली थांबून तारीख-वेळ लिहितात. अमावास्या ठरली तीही तिच्या सोयीने, कारण तो दिवस ती विसरत नाही. ही गोष्ट सरांनी लपवली नव्हती, मीच कधी विचारली नव्हती.

सोजरबाई वाट पाहतच होती. पंचावन्नच्या आसपासची, धनगराची, घरी वीस-बावीस शेळ्या. मला पाहून तिने आधी माझ्या मनगटांकडे पाहिलं. माझे हात मोकळे होते. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, आणि त्यांवरून तिने धुवट कापडाची पट्टी घट्ट गुंडाळली होती.

"सर म्हनतेत बांगड्या नको. पर मी सवाशीण हाय, काडाव्या कशा? म्हून चिंदीनं बांदते," ती म्हणाली. वरून तिने हातमोजे चढवले, तेही मनगटापाशी नीट दुमडून. माझ्या प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या मुलींना हे दाखवायला हवं, असं मला वाटलं.

इथे गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. हिवाळ्यातली गंगा संथ होती, पलीकडच्या काठाजवळ धुकं होतं. मी हट्टाने तिच्याबरोबर खाली उतरले आणि शेवटच्या चार पावलांत काळ्या चिखलावरून घसरून बसकण मारली. तिने मला उठवलं नाही. हातमोजे घातलेले दोन्ही हात वर धरून ती म्हणाली, "ताई, तुमचं तुमी उटा. मला हात लावता येत न्हाई." मी चिखलात बसून हसत होते आणि मनात रावांना उत्तर देत होते, की बघा, या आणि बघा.

ती गुडघाभर पाण्यात गेली. तोंड प्रवाहाकडे केलं, पायांनी उठलेला गाळ वाहून जाईपर्यंत थांबली. सगळं जसं हवं तसं. मग तिने काखेतल्या पिशवीतून पांढऱ्या फडक्याचं एक गाठोडं काढलं, ते सोडलं आणि आतून तांब्या निघाला. खराखुरा तांब्याचा तांब्या, नव्या कोऱ्यासारखा लखलखीत. तिने तो हलकेच बुडवला, भरला आणि त्यातून माझ्या बाटलीत पाणी ओतलं. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"मावशी," मी म्हटलं, "हा तांब्या?"

"ह्यो दुसऱ्या कशाला लावत न्हाई मी. घरात बी कोनी शिवत न्हाई," ती अभिमानाने म्हणाली. "बाटलीचं तोंड बारकं हाय. बुडवली की बुडबुड करती आन् गाळ वडून घेती. सर म्हनले व्हते, गाळ येऊ देऊ नका. मंग मी ह्यो काडला. आन् गंगा काय पलास्टिकात घ्यायची असती का?"

"कधीपासून?"

"मी पानी घ्यायले तवापसून."

"आणि घासता कशाने?"

"चिंचनं. आदल्या दिशी, मीठ लावून. बगा की, तोंड दिसतंय."

मला खरंच त्यात माझं तोंड दिसलं. चिंच-मिठाने तांब्यावरचा काळपटपणा निघून जातो आणि खालचं कोरं तांबं पाण्याला लागतं. आम्ही ज्या मापाने मोजतो त्या मापात एवढं पुरे असतं. तिने जितक्या मनापासून घासलं तितकं जास्त तांबं माझ्या बाटलीत उतरलं. पाच वर्षं माझ्या यंत्राने अगदी अचूक मोजलं होतं, पण मोजला होता तो सोजरबाईचा तांब्या.

त्याहून वाईट गोष्ट मला काठ चढताना आठवली. पहिल्या वर्षी, गुडघा धड असताना, सरांनी स्वतः बाटली बुडवून काही नमुने घेतले होते. त्यांत तांबं अगदी थोडं होतं. पुढे सोजरबाईचे मोठे आणि एकसारखे आकडे येऊ लागले तेव्हा मीच सरांना कळवलं होतं की सुरुवातीचे नमुने शिकाऊ हाताचे दिसतात, ते गाळून टाका. त्यांनी एका शब्दाने न विचारता गाळले होते.

बाभळीखाली उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी वहीतली पहिल्या वर्षाची पानं उघडली. "म्हणजे पहिल्या वर्षाचे खरे होते," ते म्हणाले.

"हो."

"जे आपण गाळले."

"मी गाळायला सांगितले."

त्यांनी वही मिटली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. तेवढ्यात सोजरबाई वर आली, आमचे चेहरे पाहून थबकली. "काय झालं? बाटली फुटली का?"

सरांनी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं. मावशी, आपण पाण्यात तांबंच शोधत होतो. ती ऐकत होती आणि हातातल्या तांब्याकडे पाहत होती.

"म्हंजी तुमाला घावलं ते ह्येचं?"

"हो."

"मंग कोनी सांगितलं कामून (का) न्हाई मला?"

काय काय करायचं नाही याची यादी आम्ही तिला दिली होती आणि तिने ती शब्दन् शब्द पाळली होती. ती पाणी घेते कसं, हे एकानेही खाली उतरून पाहिलं नव्हतं. "चूक माझी हाय, मावशी," सर म्हणाले. एरवी माझ्याशी पुस्तकी बोलणाऱ्या सरांच्या तोंडून 'हाय' निघालं.

ती पुन्हा खाली उतरली, हातातली बाटली नदीत उलटी केली आणि मला हाक मारली. मी खोक्यातून नवी बाटली काढली. झाकण पाण्याखाली कसं उघडायचं, तिथेच कसं लावायचं, ते मी दाखवलं. दुसऱ्या खेपेला तिला जमलं. बाटली पाण्याखाली धरताना ती पुटपुटत होती. माझ्याशी नव्हे, नदीशी.

परतताना जीपमध्ये मी जे मनात आणलं ते इथे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. 'गंगाखेडच्या आकड्यांची फेरतपासणी सुरू आहे' असं एक वाक्य आमच्या धंद्यात खपून जातं. शोधनिबंध छापून येतो, वर्ष-दोन वर्षांनी बारीक अक्षरांत दुरुस्ती येते. सरांनी विचारलं, "संध्याकाळी तक्ता आहे. तुम्ही सांगता का मी सांगू?" मी म्हटलं, "तुम्ही ठरवा." पंचवीस वर्षं दारातून लोकांना परत पाठवणारी मी, तेव्हा एवढंच बोलू शकले.

ते फळ्यापाशी गेले. गंगाखेडच्या ओळीत तांब्याचे आकडे कालच लिहिलेले होते. चार-पाच वाक्यांत त्यांनी काय घडलं ते सांगितलं, सोजरबाईचं नाव आदराने घेतलं, आणि डस्टरने ती ओळ पुसली. त्या जागी लिहिलं, 'माहीत नाही'. माणूस निवृत्तीला आलेला आणि आयुष्यातलं एकमेव मोठं काम स्वतःच्या हाताने पुसत होता. मला बसवेना. मी उठले आणि पहिल्या वर्षाचे नमुने गाळायला कुणी सांगितलं ते सांगितलं, शोधनिबंध परत घेते असंही सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरंच झालं. डॉ. राव नंतर माझ्या शेजारी येऊन बसले. "मला वाटलं होतं माझं खरं ठरलं तर बरं वाटेल," एवढंच म्हणाले.

पण कार्यक्रमपत्रिकेत अजून एक गोष्ट उरली होती. समारोपापुढे नुसतं 'सत्कार' छापलेलं होतं; सरांनी तो सोजरबाईचा ठरवला होता, हे मला आता कळलं. पाच वर्षांत एकही अमावास्या चुकवली नाही म्हणून. ती नवं लुगडं नेसून आली होती, बरोबर फेटा बांधलेला नवरा. सकाळी सगळं कळूनही आली होती. आमच्यातल्या दोघा-तिघांना वाटलं, आता सत्कार राहू द्यावा. सरांनी ऐकलं नाही. त्यांनी शाल उलगडली आणि पुढे झाले.

सोजरबाईने हात आडवा धरला. "शाल राहू द्या, सर."

"मावशी, तुमचा मान आहे."

"मान हाय, मला ठावं हाय. पर पानी बरुबर आलं न्हाई. ते बरुबर आलं की पांगरवा."

नवऱ्याने तिचा पदर ओढला, ती हलली नाही. सरांनी शालीची घडी घातली. नारळ मात्र तिने घेतला, कपाळाला लावला आणि खुर्चीत जाऊन बसली, कारण दिलेला नारळ परत करत नाहीत. मी आयुष्यात पुष्कळ सत्कार पाहिले, थोडे घेतलेही. ह्या बाईइतकं ताठ मला त्यांतल्या एकाही सभेत बसता आलेलं नाही.

परतण्याआधी चारठाण्याची जुनी देवळं पाहायचं मी ठरवलं होतं. पण मन लागेना. सकाळची एसटी धरली आणि परभणीहून गाडीत बसले. खोक्यात आता भरलेली बाटली होती आणि ती मी पुन्हा मांडीवरच घेतली होती. घरी पोचल्यावर पहिलं काम केलं ते शोधनिबंध मागे घेतल्याचं पत्र लिहिण्याचं. महिना भरत आला तेव्हा यंत्रावर पाळी आली. त्या बाटलीतलं तांबं मी तीनदा मोजलं. तिन्हीदा अगदी थोडं आलं, सरांच्या पहिल्या वर्षाच्या आकड्यांना लागून. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटलं. मी सरांना फोन लावला. ते सोजरबाईच्या वस्तीवरच होते. फोन तिच्या हातात दिला.

"ताई, आता बरुबर हाय का?"

"बरोबर आहे, मावशी. अगदी स्वच्छ आलंय."

"मंग मागल्या पाच वर्साचं?"

मागे शेळ्या ओरडत होत्या. काहीतरी गोड बोलता आलं असतं. त्या त्या अमावास्येचं पाणी केव्हाच समुद्राला मिळालं होतं, ते परत मोजायला कुणालाही मिळणार नव्हतं. "ते गेलं, मावशी," मी म्हटलं. "ते आता मिळत नाही."

तिने शेळ्यांना हाकलल्याचा आवाज फोनमधून आला.

"बरं," ती म्हणाली. "उद्या आमुशा हाय. पर ह्या बारीला मी सरांना सांगून ठिवलंय, तुमी बी खाली या. गुडगा दुखला तर दुखू द्या, मी धरते."